पोपटांच्या पडद्याआडची डाक्टरीण

शहाद्याच्या पेठेत नथमलजींनी धर्मार्थ दवाखाना बांधायला काढला तेव्हा इमारतीच्या आधी नावाची शिळा तयार झाली. शिळा दारापेक्षा रुंद होती, म्हणून दार एका बाजूला सरकवावं लागलं. तिच्यावर 'श्री' आणि 'नथमल' या दोन शब्दांच्या मध्ये पाथरवटाला मुद्दाम वीतभर जागा सोडायला लावली होती. कोणी विचारलंच तर शेटजी सांगत, "दगडात तिथं खोट होती." पण ती खोट 'रावसाहेब' या शब्दाच्या मापाची होती, हे पेठेतल्या कुणालाही सांगावं लागत नव्हतं. मारवाडातल्या नागोरकडून आलेल्या त्यांच्या आजोबांनी गोमाई नदीच्या काठी कापडाचं दुकान घातलं, वडिलांनी ते वाढवलं. आता नथमलजींना सरकारदरबारी एक किताब तेवढा हवा होता.

दवाखाना सुरू झाला. पुण्याहून खांबेटे नावाचे डॉक्टर आले. औषधांच्या बाटल्या आल्या, बाकं आली, आणि पुरुष रोगीही येऊ लागले. बाई मात्र एकही येईना. धुळ्याहून तपासणीला आलेल्या साहेबाने बायकांच्या रकान्यातली रिकामी जागा पाहून ओठ वाकडे केले. ते वाकडे ओठ नथमलजींच्या मनातून जाईनात.

"बायका परपुरुषासमोर येणार नाहीत," खांबेटे म्हणाले. "मध्ये एखादी बाई हवी. रोग्याचं ऐकून मला सांगणारी, माझं ऐकून रोग्याला सांगणारी."

"पगार द्यावा लागेल?" नथमलजींनी विचारलं.

"अर्थात."

नथमलजी घरी आले आणि विचारात पडले. विचार करताना त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. तिथे घुंगटाआडून एक हात ताट पुढे सरकवत होता. तो हात त्यांच्या एकुलत्या सुनेचा, लाडकंवरचा.

लाडकंवर मारवाडातून शहाद्याला आली तेव्हा तेरा वर्षांची होती. तिथे वाळू, इथे काळी माती. तिथे पाणी जपून ओंजळीने प्यायचं, इथे गोमाईत बायका गप्पा मारत अर्धा दिवस धुणं धूत बसतात. पहिलं वर्ष ती घरातल्यांशी मारवाडीत रडली. दुसऱ्या वर्षी म्हैस पिळायला येणाऱ्या कालीबाईशी अहिराणीत भांडायला शिकली. भांडता आलं म्हणजे भाषा आली. पाच-सात वर्षांत तिची अहिराणी अशी झाली, की भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याला बोलणारी जवळच्या कळसाडी गावची वाटावी. सासरा मात्र तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता आणि त्याने तिचं तोंडही पाहिलं नव्हतं. तशी रीतच होती.

घरात एक उणीव होती. पाळणा हलला नव्हता. सासूबाई, धनकंवरबाई, चातुर्मासात आलेल्या जैन महाराजांकडे गेल्या आणि उपाय विचारून आल्या. महाराज म्हणाले, "सेवा करा." धनकंवरबाईंनी हे घरी सांगितलं मात्र, नथमलजींनी मांडीवर थाप मारली. महाराजांची आज्ञा, सरकारचा रकाना आणि पगाराची बचत असं सगळं एकाच सुनेत बसत होतं.

अशी लाडकंवर सेवेला लागली.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत मधोमध पडदा टांगला. पडद्याला कापड म्हणून दुकानात विकलं न गेलेलं चीट दिलं. त्यावर लाल चोचीचे हिरवे पोपट होते, आणि छापण्यात गडबड झाल्यामुळे प्रत्येकाला दीड डोळा होता. पडद्याच्या अलीकडे डॉक्टर, पलीकडे बाई रोगी आणि लाडकंवर. एका कापडात रोग्याचीही लाज राहिली आणि शेटजींच्या सुनेचीही.

खांबेटे डॉक्टर भले गृहस्थ. हात हलका, निदान पक्कं. पण मराठी अशी, की पुण्यातही ती पाहुणी वाटावी. ते पोपटांकडे तोंड करून विचारत, "क्षुधा कशी आहे?"

पलीकडून लाडकंवर विचारी, "भूक लागस का वं माय?"

"कशानी भूक! भाकर खावाले बठस ते दोन घास बी जातस नही."

"डॉक्टरसाब, भूक नाही. दोन घास पण जात नाहीत."

"निद्रा?"

"झोप लागस का?"

"सासू झोपू दी तवय ना!"

हे औषधाचं की घरचं, ते लाडकंवरला ठरवावं लागे. मग म्हणे, "डॉक्टरसाब, झोपेला घरात अडचण आहे."

पुण्याचा मराठी डॉक्टर आणि खानदेशची मराठी बाई यांना एकमेकांचं बोलणं समजावून द्यायला नागोरची एक पोर मध्ये उभी राहते, यात कुणालाच काही नवल वाटलं नाही. बायका येऊ लागल्या. रकाना भरू लागला. नथमलजी रोज संध्याकाळी आकडा विचारत आणि दुकानात गिऱ्हाइकाला सांगत, "आमच्या घरातली माणसं सेवेला वाहिलेली आहेत." स्वतः ते उद्घाटनानंतर दवाखान्याच्या उंबऱ्याच्या आत गेले नव्हते. आत फिनेलचा वास येतो, म्हणत.

लाडकंवरला आधी तो वास डोक्यात जाई. पुढे सुटीच्या दिवशी त्याच्याशिवाय करमेना. कुठली बाई पोट धरून येते, डॉक्टर काय विचारतात, काय देतात, ती बाई परत येते तेव्हा कशी दिसते, हे तिच्या मनात आपोआप जुळत जाई. कधी ती स्वतःहूनच विचारी, "डॉक्टरसाब, डोळ्याच्या आतली कड पांढरी आहे, सांगू का?" पोपटांपलीकडून आवाज येई, "सांगा. आणि नखंही पाहा."

एक दिवस कळसाडीची दगूबाई आपल्या सुनेला घेऊन आली. सून मंगला, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. लाडकंवरने तिला बसवलं आणि तिचं लक्ष पायांकडे गेलं. पाय एवढे सुजले होते, की जोडवी मांसात रुतून दिसेनाशी झाली होती.

"डोकं दुखस का?" तिने डॉक्टरांच्या आधीच विचारलं.

"लई दुखस," मंगला म्हणाली. "आन् डोयासमोर काजवा चमकतस."

लाडकंवरने पडद्याकडे वळून सांगितलं. खांबेटे म्हणाले, "नडगीवर बोट दाबा. खड्डा राहतो?"

"राहतो."

"चेहरा?"

"फुगलेला."

मग डॉक्टरांनी चक्क साध्या मराठीत सांगितलं, "तिला आज घरी नेऊ नका. इथं ठेवा. आणि मला तिला पाहू द्या."

लाडकंवरने ते दगूबाईला सांगितलं. दगूबाई ताडकन उठली.

"परका माणूसले मी मन्ही सून दखाडू? मन्हा पोऱ्या माले घरमा ठेवाव नही. बाटली दे, आम्ही जातस."

लाडकंवरने हात जोडले, रागावली, पुन्हा हात जोडले. डॉक्टरांनी पडद्याआडून समजावलं, पण ते घाबरले की त्यांची मराठी पुन्हा चढायची. दगूबाईला 'गर्भिणी' आणि 'प्राणसंकट' एवढेच शब्द ऐकू आले आणि दोन्ही कळले नाहीत. ती बाटली पदराखाली घेऊन सुनेला घेऊन गेली.

थोड्याच दिवसांनी बैलगाडी दवाखान्याच्या दारात आली. मंगलाला वाटेत झटके येत होते. दात घट्ट मिटलेले, डोळे वर. या वेळी पडद्याचा विचार कोणी केला नाही. खांबेट्यांनी तो बाजूला फेकला आणि आपल्या रोग्याला पहिल्यांदा पाहिलं. दिवेलागणीपर्यंत त्यांनी जमेल ते सगळं केलं. मंगला गेली. पोटातलंही गेलं.

दगूबाई बाहेर भिंतीला टेकून बसली होती. लाडकंवर तिला पाणी द्यायला गेली. दगूबाईने तांब्या घेतला नाही. वर पाहून म्हणाली,

"तू बाईमाणूस शे ना वं माय? तुन्हासमोर मी तिले नागडी करी उभी ऱ्हावाडती. मंग तूच कसाले डाक्टरीन नही व्हयनी?"

हे बोलणं दुःखातलं होतं, आणि अन्यायाचंही होतं. तांब्या लाडकंवरच्या हातातच राहिला.

घरी येऊन तिने अंघोळ केली आणि ताटावर बसली. घास उतरेना. तिचा नवरा फुलचंद समोर होता. फुलचंदला जगात दोन गोष्टी कळत, खाणं आणि खाणाऱ्याचा चेहरा. दुकानात त्याचं लक्ष नसे. गिऱ्हाईक धोतर मागायला आलं की हा त्याला दुपारी काय जेवलात विचारी.

"कढी बिघडली का?" त्याने विचारलं.

"मला डॉक्टर व्हायचंय."

फुलचंदने बराच विचार केला. "त्याला इंग्रजी लागतं," तो म्हणाला.

"शिकेन."

"मग आधी जेव."

नवऱ्याकडून आलेली अडचण एवढीच. बाकीच्या अडचणींना घर होतं, पेठ होती, समाज होता. धनकंवरबाईंनी कपाळावर हात मारला. "हिला दवाखान्यात धाडली ती पुण्य घेऊन यायला, आणि ही तिथून रोग घेऊन आली!" नथमलजींनी नकार दिला, तोही सुनेला नव्हे, बायकोला. बायकोने मुलाला सांगितला, मुलाने तिला. इतक्या हातांतून येता येता नकार थोडा झिजला होता, तरी नकारच होता.

लाडकंवर दवाखान्यात जात राहिली. डॉक्टरांच्या पत्नी वत्सलाबाई शिकलेल्या होत्या आणि शहाद्यात त्यांना बोलायला कोणी नव्हतं. त्या दुपारी तिला मराठी वाचायला शिकवू लागल्या, मग इंग्रजीची पहिली पुस्तकं. सासूला सांगितलं, की औषधांची नावं वाचता यायला हवीत. ते खोटं नव्हतं.

थंडीत कलेक्टरसाहेबांचा मुक्काम शहाद्याला पडला. बरोबर मडम होती. नथमलजींनी दवाखान्याला केळीचे खांब लावले, फिनेलच्या वासावर अत्तर शिंपडलं, आणि त्या दिवशी ते स्वतः उंबऱ्याच्या आत गेले. साहेब पुढच्या खोलीत बाटल्या पाहत उभा राहिला. मडमने पोपटांचा पडदा पाहिला, हसली आणि पलीकडे गेली.

आत बायका बसल्या होत्या. लाडकंवर एका बाईचा हात धुऊन गळवाला पट्टी बांधत होती. मडमने आपल्या मोडक्या हिंदुस्तानीत चौकशी केली, सगळं पाहिलं, आणि निघताना मोठेपणाने विचारलं, "तुमको कुछ मांगता?"

अशा वेळी "कुछ नहीं, आपकी मेहरबानी" म्हणायचं, हे नथमलजींनी घरात सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. लाडकंवर पट्टीची गाठ मारून उठली.

"मांगता," ती म्हणाली. "मुझे डॉक्टर बनना है. ससुरजी नहीं मानते. आपका कहना वो टालते नहीं."

मडम पडद्याबाहेर आली ती थेट नथमलजींसमोर.

"शेट, तुम्हारा बहू बहुत होशियार. उसको डॉक्टर बनाएगा?"

नथमलजींच्या गोऱ्या माणसाशी बोलण्याच्या शब्दकोशात एकच उत्तर होतं. प्रश्न कुठलाही असो, संपता संपता ते बाहेर पडत असे.

"जी हुजूर!"

आणि मग प्रश्न त्यांच्या ध्यानात आला. तोवर कलेक्टरसाहेब हात पुढे करून त्यांचा हात हलवत होता, बरोबरचा कारकून टिपून घेत होता, आणि पुढच्या आठवड्यात धुळ्याच्या साप्ताहिकात छापून आलं, की शहाद्याचे दानशूर नथमलजी आपल्या स्नुषेस वैद्यकीय शिक्षण देण्याचा निर्धार करून बसले आहेत. निर्धार करून बसलेले नथमलजी दोन दिवस खरोखरच बसून होते. उठवेना.

समाजाची बैठक भरली. कोणी म्हणालं, सून मढ्याला शिवणार. कोणी म्हणालं, बूट घालणार. एका वयस्क शेटजींना सगळ्यात जास्त काळजी होती ती परीक्षेला बाकावर बसावं लागतं याची. नथमलजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सुस्कारा सोडला.

"मला का हौस आहे? पण काय करू, सरकारचा हुकूम आहे."

हुकूम म्हटल्यावर बोलणंच खुंटलं. उलट दोघातिघांच्या डोळ्यांत थोडा हेवा दिसला. नथमलजींना थेट हुकूम यावा, आणि आपल्याला साधी नोटीसही येऊ नये!

डॉक्टरीच्या शाळेत जायला आधी मॅट्रिक व्हावं लागतं, हे कळल्यावर धनकंवरबाईंना बरं वाटलं. तेवढ्यात हिचं खूळ निघून जाईल. खूळ गेलं नाही, वर्षं गेली. लाडकंवर सकाळी दवाखान्यात उभी राही, दुपारी वत्सलाबाईंकडे बसे, रात्री चुलीजवळ पाठ करी. फुलचंद पोळ्या लाटू लागला, म्हणजे तिला दोन्ही हातांत पुस्तक धरता यावं. धनकंवरबाईंनी पाहिलं तेव्हा त्या ओरडणार होत्या, पण पोळी फुगली होती.

परीक्षेला ती धुळ्याला जाऊन बसली. निकाल आला. इंग्रजीत पास, मराठीत पास, इतिहास-भूगोलात पास. गणितात नापास.

त्या संध्याकाळी घरात चूल पेटली नाही. इतकी वर्षं सून शिकते याची लाज वाटणाऱ्या घराला आता दुसरीच लाज वाटू लागली. पेठेत निरोप्यासारखी बातमी फिरली, नथमलजींची सून हिशेबात नापास! गिऱ्हाइकं कापड फाडून घेता घेता विचारू लागली, "शेट, भाव बरोबर लावला ना?" संस्कृतात गेली असती तर चाललं असतं. पण गणितात! मारवाडातून निघून एवढ्या लांब येऊन घराण्याने जो एक विषय जपला, त्यात!

नथमलजी दुसऱ्या दिवशी दुकानातून लवकर आले. ओसरीवर बसले आणि सुनेसाठी मुलाला हाक मारली.

"फुल्या, बींदणीला सांग, दाराआड बस म्हणावं. पाटी घे म्हणावं."

ते ओसरीवर, ती दाराआड, मध्ये फुलचंद. पुन्हा तीच तऱ्हा, फक्त पोपट नव्हते. नथमलजी मुलाला सांगत, मुलगा बायकोला सांगे. पण फुलचंद मध्ये असला की उदाहरणातले आकडे बदलत. गहू शिजवलेले की कच्चे, हे तो आधी विचारी. तिसऱ्या दिवशी नथमलजी संतापले.

"तू ऊठ इथून! मी भिंतीला सांगतो."

तेव्हापासून ते भिंतीला शिकवू लागले. "हे भिंती, व्याजाचं व्याज असं काढतात. बोटं मोडायची नाहीत. मुदत आणि दर यांना आधी सोयरे करायचं." आणि भिंतीपलीकडे लाडकंवर पाटीवर लिहून उत्तराची पाटी दाराबाहेर सरकवत असे. तिला पहिल्यांदाच कळलं, की सासऱ्याचा आवाज शिकवताना वेगळाच येतो. उतावळा, पण मऊ. चुकीचं उत्तर आलं की ते भिंतीवर रागावत आणि बरोबर आलं की भिंतीला म्हणत, "शाबास." घरात नव्याने आलेल्या मोलकरणीला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय.

दुसऱ्या खेपेला गणितात तिला सगळ्यांत जास्त गुण पडले. नथमलजींनी पेठेत पेढे वाटले आणि वाटताना प्रत्येकाला फक्त एकाच विषयाचे गुण सांगितले.

डॉक्टरीची शाळा अमदाबादला. तापी नावेने ओलांडून, पुढे आगगाडीने. सून एकटी कशी जाणार, म्हणून फुलचंदला बरोबर धाडलं. तिथे कापडाची आडत सुरू करायची, असं बाहेर सांगायला ठरलं. आडत सुरू झाली नाही. फुलचंदने दोन खोल्या घेतल्या, शेगडी मांडली, आणि सकाळी बायकोला डबा बांधून देऊ लागला. ही बातमी शहाद्याला पोचली तेव्हा समाज खरा हादरला. बाईने मढं चिरणं एकवेळ समजतं, त्याला सरकारचा हुकूम होता. पण नवऱ्याने बायकोचा डबा बांधायचा, हा हुकूम कुणाचा?

लाडकंवरला मढ्याची भीती वाटली नाही. पहिल्या वर्षी अडचण आली ती बेडकाची. किडामुंगी मरू नये म्हणून लहानपणापासून वाट झाडून चालायला शिकलेली ती, समोर पाटावर पाय ताणून टाचलेला बेडूक. बेडूक आधीच मेलेला होता, मास्तरांनी तसं सांगितलं. तिच्या हातातली सुरी हलेना. तिने मनात नवकार मंत्र म्हटला आणि पुन्हा पाहिलं. मंगलाच्या पायात रुतलेली जोडवी तिला आठवली. बोट दाबलं होतं, खड्डा राहिला होता, आणि तो का राहतो हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. तिने पहिला छेद दिला. छेद वाकडा गेला. त्या दिवशी फुलचंदने केलेल्या डाळबाटीला तिने हात लावला नाही आणि त्याने ती झाकून ठेवली.

सुटीत दोघं घरी आल्यावर हे नथमलजींच्या कानावर गेलं. ते घाईने महाराजांकडे गेले. "बेडूक चिरला, महाराज. पाप कुणाला?"

महाराजांनी विचारलं, "त्रास तिला होतो की तुला?"

"तिलाही झाला. पण मला फार होतो."

"तिचं ती पाहील, तिला तिचं कारण माहीत आहे. तू तुझ्यासाठी उपास कर."

नथमलजींनी बेडकामागे एक उपास धरला. पुढे अमदाबादहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते काळजीने विचारत, "अभ्यासक्रमात बेडूक अजून किती राहिलेत?"

लाडकंवर डॉक्टर होऊन परत आली त्याच वर्षी रावसाहेब किताबांची यादी निघाली. किताब नंदुरबारच्या एका व्यापाऱ्याला मिळाला. त्याने साहेबाच्या घोड्यांना तीन महिने चारा पुरवला होता. नथमलजींनी पाथरवटाला बोलावून शिळेवरच्या रिकाम्या जागेत कमळ कोरून घेतलं.

दवाखान्यातला पडदा लाडकंवरने पहिल्याच दिवशी काढला. मागची खोली आता तिची. खांबेटे म्हणाले, "इतकी वर्षं मी या पोपटांशी बोललो, आता चुकल्यासारखं होईल." बायकांची गर्दी वाढली. लोणखेड्याच्या, कळसाडीच्या, पार तापीपल्याडच्या कोरीटच्याही बाया यायच्या. काही नुसतं बघायला यायच्या, की बाईमाणूस डाक्टर म्हणजे कशी असते. बघून निराश व्हायच्या. साधी लुगड्यातली बाई, ती पण खेकसणारी.

दगूबाई एकदा आली. दुसऱ्या सुनेला घेऊन. लाडकंवरने ओळखलं, दगूबाईनेही ओळखलं. दगूबाईने स्वतःच सुनेचं लुगडं पोटरीपर्यंत वर केलं आणि म्हणाली, "दख. बोट दाबी दख." लाडकंवरने दाबलं. खड्डा राहिला नाही. तरी तिने त्या मुलीला दर पंधरवड्याला यायला लावलं, आणि मुलगी झाली तेव्हा नाळ तिनेच कापली.

दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यानंतरच्या हिवाळ्यात नथमलजी आजारी पडले. थंडी वाजून ताप, मग छातीत कळ, मग श्वास लागू लागला. खांबेटे पुण्याला लग्नाला गेलेले. धनकंवरबाई म्हणाल्या, "घरात डॉक्टर आहे."

"सून मला तपासणार?" नथमलजी धापा टाकत म्हणाले. "फुल्या, तिला सांग... ती नळी लांब असेल तर... दाराआडून लाव म्हणावं."

फुलचंदने खरंच नळीचं टोक बापाच्या छातीवर धरलं. लाडकंवर दाराआड, घुंगट ओढून, दुसरं टोक कानात घालायचा प्रयत्न करीत होती. नळी पुरेना. फुलचंद बापाला थोडं दाराकडे सरकवू लागला, तशी खाट करकरली आणि नथमलजींना खोकल्याची उबळ आली. तांबूस थुंकी पडली.

लाडकंवरने घुंगट मागे टाकला आणि ती आत आली. वीस वर्षांत पहिल्यांदा ती सासऱ्यासमोर उभी होती, उघड्या तोंडाने.

"बापूसा, उठून बसा. जीभ दाखवा."

नथमलजी इतके गडबडले, की त्यांनी जीभ दाखवली. तिने छाती ऐकली, पाठ ठोकली, नाडी पाहिली. नथमलजी तिच्याकडे पाहत होते, मग बायकोकडे वळून हळूच म्हणाले, "ही... आपली?"

"मग कुणाची?" धनकंवरबाई म्हणाल्या.

"मला वाटलं, गोरी असेल."

"बोलू नका," लाडकंवर म्हणाली. "उजव्या फुप्फुसाला सूज आहे. नवीन गोळ्या आल्यात, त्या देते. वेळेवर घ्यायच्या. आणि आजपासून उपास बंद."

"अजून एक बेडूक..."

"तो मी फेडीन."

काही दिवस ते जिवावरच बेतलं होतं. ती खाटेपाशी बसून राही, फुलचंद पातळ मुगाचं पाणी करून आणी, आणि धनकंवरबाई दारात उभ्या राहून दोघांनाही चुका सांगत. मग एका सकाळी ताप उतरला. नथमलजींनी पहिली मागणी केली ती घामेजलेला सदरा बदलण्याची, आणि दुसरी, गोळ्या कडू आहेत अशी तक्रार करण्याची.

बरे झाल्यावर ते पेठेत सांगत सुटले, की आपल्याला वाचवलं ते इंग्रजी गोळ्यांनी. पण कुणाच्या हातच्या, हे विचारल्याशिवाय राहत नसत लोक. आणि मग एक गंमत झाली. पेठेतले वयस्क शेट एकेक करून नथमलजींच्या तब्येतीची चौकशी करायला येऊ लागले. चौकशी दवाखान्याच्या मागच्या दाराने होई. आत गेलं की चौकशी संपे आणि वर्षानुवर्षं लपवलेला आजार निघे. कुणाला खाली उतरलेलं आतडं, कुणाला न भरणारं गळू, कुणाला लघवीची जळजळ. बैठकीत परीक्षेच्या बाकाची काळजी करणारे ते शेटजीही आले आणि अर्धा तास हवापाण्यावर बोलले.

"काका," लाडकंवर शेवटी म्हणाली, "बसता येत नाही तुम्हाला, हे मला दिसतंय. कुठं दुखतं ते सांगा, नाहीतर उठा. बाहेर बाया थांबल्यात."

शेटजींनी सांगितलं.

नथमलजींना घरी करमेना, तेव्हा त्यांनी दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर बैठक मांडली आणि आलेल्यांचे नंबर लावायला लागले. ओळखीचे पुढे, जुनी गिऱ्हाइकं मध्ये, बाकीचे शेवटी. आतून लाडकंवरचा आवाज येई, "बापूसा, पोटुशी बाई आधी!" मग ते सगळी रांग मोडून पुन्हा लावत, जाता जाता एखाद्या शेटजीला मागे सारून म्हणत, "तुम्ही थांबा. तुम्हाला काही आज बाळंत व्हायचं नाही."